पाय काय सांगतात? रक्तपुरवठा कमी झाल्याच्या खुणा ओळखा

वस्तीत तपासणीला बसलो की एक तक्रार हमखास येते : "सिस्टर, थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात." हमाली करणाऱ्या एका दादांनी अशा दुखण्यावर सात-आठ महिने बाम चोळला. आमच्याकडे आले तेव्हा अंगठा काळा पडला होता. शेवटी तो कापावा लागला. खुणा आधीपासून होत्या, पण त्या ओळखणारे घरात कोणी नव्हते. म्हणून हा धडा.

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांतून पायांपर्यंत पोचते. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांमुळे रोहिण्या आतून अरुंद होतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तर बर्जरचा आजार ऐन तिशी-चाळिशीतही होतो.

घरी काय पाहावे?

१. चालताना पोटरीत कळ येते, थांबल्यावर काही मिनिटांत जाते, चालल्यावर पुन्हा येते.
२. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार, फिकट किंवा निळसर लागतो.
३. नडगीवरचे केस जातात, कातडी चकचकीत होते.
४. रात्री पाऊल दुखून झोप मोडते, पाय खाटेखाली सोडला की बरे वाटते.
५. पायाची जखम भरत नाही.

पायाच्या अंगठ्याचे नख दाबून सोडा. रंग साधारण २ सेकंदांत परत यायला हवा. उशीर लागला, तर डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घ्या. ही चाचणी ढोबळ आहे. रंग लवकर आला तरी वरच्या खुणा असतील तर दवाखाना टाळू नका.

मधुमेहात पाय बधिर होतात, कळ जाणवतच नाही. अशा माणसाचे तळपाय घरच्यांनी रोज पाहावेत. छोटी जखमही त्याच दिवशी दाखवावी.

लगेच मोठ्या रुग्णालयात केव्हा?

पाय अचानक दुखू लागला, गार, पांढरा, बधिर पडला तर सकाळची वाट पाहू नका. काही तासांच्या उशिराने पाय जाऊ शकतो. एकच पाय अचानक सुजून गरम झाला, तर शिरेत गाठ असू शकते. तो चोळू नका, लगेच दाखवा.

हे करू नका

गरम विटेने शेकू नका, बधिर पायाला चटका कळत नाही. जखमेवर चुना, तंबाखू, राख लावू नका. अनवाणी फिरू नका.

विडी, तंबाखू, मिश्री आजच सोडा. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

आपले पोट आपल्या पायांवर चालते. आज रात्री घरातल्या प्रत्येकाचे पाय दिव्याखाली एकदा पाहाच.