नसलेले २८ शिक्षक आणि ०.९२चा अल्फा

पीएचडीचा डेटा 'करून देणारे' प्रत्येक विद्यापीठाच्या आसपास असतातच. झेरॉक्सच्या दुकानात त्यांचं कार्ड मिळतं, नाहीतर गाईडच नंबर देतात. मला गाईडनीच दिला होता. 'ते सर आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांचं करतात, तुम्हीही द्या, आकडेमोडीत वेळ घालवू नका,' असं वर सांगून. म्हणून पुढे जे झालं त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवते, हा माणूस मी शोधलेला नव्हता.

माझा विषय प्राथमिक शिक्षकांवरचा कामाचा ताण. प्रश्नावलीत २४ विधानं, 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत पाच पर्याय. 'शिकवण्यापेक्षा माझा जास्त वेळ माहिती भरण्यात जातो', 'शाळा सुटेपर्यंत मी पार थकून जाते/जातो' अशी १७ विधानं ताणाच्या बाजूची. उरलेली ७ मुद्दाम उलट्या बाजूची, उदाहरणार्थ 'घरी आल्यावरही माझ्यात उत्साह शिल्लक असतो'. लोक डोळे झाकून एकाच रकान्यात टिक करत सुटू नयेत म्हणून अशी विधानं घालतात. त्यांचे गुण उलटे मोजायचे, म्हणजे ५चा १ आणि १चा ५. सूत्र साधं आहे, ६ वजा उत्तर. डेटावाल्या सरांना एक्सेल फाईल दिली तेव्हा सोबत कोडबुक दिलं होतं आणि त्या सात क्रमांकांपुढे लाल शाईने 'उलट गुणांकन' लिहिलं होतं. त्याची प्रत माझ्याकडे आहे.

काही दिवसांनी फोन आला. "मॅडम, तुमची प्रश्नावली बोगस आहे. अल्फा ०.३८ येतोय."

अल्फा म्हणजे क्रोनबाखचा अल्फा, प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा विश्वसनीयतेचा आकडा. तज्ज्ञांना दाखवून, पायलट करून, वर्षभर घासून पुसून केलेली प्रश्नावली एका वाक्यात बोगस! उपायही लगेच तयार. सात विधानं काढून टाकली की ०.७९ होतो म्हणे. कुठली सात, हे विचारल्यावर त्यांनी क्रमांक वाचून दाखवले. तीच, लाल शाईची. म्हणजे कोडबुक उघडलंच नव्हतं. मी तसं सांगितल्यावर "हो का? बघतो" म्हणाले. वर "आणि तुम्हाला अल्फा किती हवाय तेही सांगून ठेवा" असंही विचारलं. मी त्याला विनोद समजले.

दुसरं आउटपुट आलं त्यात अल्फा ०.९२. गाईड खूश. "बघा, म्हटलं नव्हतं?" असा त्यांचा मेसेजही आला. मला मात्र तो आकडा पचेना, म्हणून मी प्रिंट वरपासून वाचायला घेतली. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या आउटपुटमध्ये अल्फाच्या आधी एक छोटा तक्ता येतो, 'केस प्रोसेसिंग समरी'. त्याच्याकडे कुणी बघत नाही, सगळ्यांची नजर थेट खालच्या दशांशावर जाते. त्या तक्त्यात लिहिलं होतं: व्हॅलिड २४०, एक्सक्लूडेड ०.

माझ्याकडे भरून आलेले फॉर्म २१२. प्रत्येकावर मी स्वतः पेनने अनुक्रमांक घातलेला. त्यातल्या १५ जणांनी एखाददुसरं विधान कोरं सोडलेलं. एसपीएसएस विश्वसनीयता काढताना एकही उत्तर रिकामं असलेली अख्खी ओळ बाजूला ठेवतं. म्हणजे व्हॅलिड १९७ यायला हवे होते आणि एक्सक्लूडेड १५. इथे एकही वगळलेला नाही, वर २८ माणसं वाढलेली.

डेटा फाईल मागितली तर टाळाटाळ सुरू झाली. शेवटी मिळाली ती उघडून तळाशी गेले. २१३व्या ओळीपासून पुढे ५ ५ ५ ५ ५, शेवटच्या रकान्यापर्यंत. त्याखाली तशीच दुसरी. मग १ १ १ १च्या रांगा. अर्ध्या जणांनी सगळीकडे ५, अर्ध्यांनी सगळीकडे १. 'पार थकून जातो' यालाही पूर्ण सहमत आणि 'उत्साह शिल्लक असतो' यालाही पूर्ण सहमत, असे चौदा शिक्षक एका जिल्ह्यात! वरच्या १५ जणांच्या कोऱ्या जागांत ३ भरलेले. आणि ती सात विधानं तेव्हाही उलटवलेली नव्हतीच.

हा उद्योग कसा चालतो ते समजून घ्या, म्हणजे पकडता येतो. अल्फाच्या सूत्रात प्रत्येक विधानाच्या प्रसरणांची (व्हेरिअन्सची) बेरीज आणि एकूण गुणांचं प्रसरण यांची तुलना असते. विधानं एकमेकांबरोबर वरखाली होत असतील तर एकूण गुणांचं प्रसरण त्या बेरजेच्या कितीतरी पुढे जातं आणि अल्फा १कडे सरकतो. सगळीकडे ५ देणारे आणि सगळीकडे १ देणारे मूठभर घुसडले की प्रत्येक विधान प्रत्येकाशी जुळल्यासारखं दिसतं. २१२ खऱ्या माणसांचा ०.३८ अशा २८ खोट्यांनी ०.९२वर नेता येतो.

डेटावाल्या सरांना फोन केला तेव्हाचं उत्तर शब्दशः देते. "मॅडम, सगळे असंच करतात. तुम्हाला पीएचडी हवी आहे की वाद?" गाईडकडे गेले तर त्यांनी प्रिंट उलटीपालटी केली आणि म्हणाले, "आकडा चांगला आलाय ना, मग कशाला खोदताय?" माझ्या शोधप्रबंधावर माझं नाव, प्रतिज्ञापत्रावर माझी सही. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मूळ फॉर्मचा गठ्ठा मागितला असता तर हे दोघं कुठे असते?

मग मी जामोवी हे सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. मोफत आहे. 'फॅक्टर'खाली 'रिलायबिलिटी ॲनालिसिस' मिळतं. २४ विधानं आत टाकली तर त्याने स्वतःच तळाला टीप दिली की ही विधानं एकूण गुणांशी ऋण सहसंबंध दाखवतात, बहुधा उलटवायला हवीत. तीच सात! जे मोफत सॉफ्टवेअरला दिसलं ते पैसे घेणाऱ्या माणसाला दिसलं नाही. सात उलटवली आणि अल्फा आला ०.८४, १९७ जणांवर. प्रश्नावली बोगस नव्हती. ज्याने ती बोगस ठरवली त्याने आजतागायत 'चूक झाली' एवढंही म्हटलेलं नाही.

आता ज्यांचं हे काम अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी.

अल्फाच्या आधी माणसं मोजा. व्हॅलिड, एक्सक्लूडेड, टोटल हे तीन आकडे तुमच्या गठ्ठ्याशी जुळले नाहीत तर पुढचं पान वाचूच नका. प्रत्येक फॉर्मवर अनुक्रमांक घाला आणि तोच फाईलच्या पहिल्या रकान्यात ठेवा.

एसपीएसएसमध्ये ॲनालाइझ, मग स्केल, मग रिलायबिलिटी ॲनालिसिस इथे गेलात की 'स्टॅटिस्टिक्स'मध्ये 'स्केल इफ आयटम डिलीटेड'वर टिक केल्याशिवाय बाहेर पडू नका. त्याने जो तक्ता येतो त्यात 'करेक्टेड आयटम–टोटल कोरिलेशन' हा रकाना असतो. तिथे ऋण चिन्ह दिसलं तर विधान वाईट ठरवण्याआधी ते उलटवलंय का ते बघा. उलटवूनही ऋण असेल तर मग विधानाची भाषा तपासा, वाक्यात दोन-दोन नकार असले की लोक गोंधळतात.

उलटवताना 'रीकोड इन्टू डिफरंट व्हेरिएबल्स' वापरा. 'सेम व्हेरिएबल्स' वापरलंत तर मूळ आकडे पुसले जातात, आणि कुणी तीच आज्ञा पुन्हा चालवली की सगळं पूर्ववत होऊन बसतं, कळतही नाही. कोऱ्या उत्तरांना ९९ देत असाल तर 'व्हेरिएबल व्ह्यू'मधल्या 'मिसिंग' रकान्यात ते नोंदवा. नाहीतर सॉफ्टवेअर ९९ हे खरं उत्तर धरतं आणि ६ वजा ९९ केल्यावर उणे ९३ गुणांचा शिक्षक तयार होतो. अल्फासाठी विधानं उलटवली पण पुढे एकूण गुण काढताना मूळचीच घेतली, हाही प्रकार सर्रास चालतो.

'अल्फा इफ आयटम डिलीटेड' बघून एकेक विधान छाटत बसू नका. दुसऱ्या दशांशात दोनाची भर पडावी म्हणून विषयाचा एक अख्खा पैलू उडवण्यात अर्थ नाही.

मोठ्या आकड्याने दिपून जाऊ नका. विधानांमधला सरासरी सहसंबंध फक्त ०.२ असला तरी १० विधानांना अल्फा ०.७१ येतो, २० विधानांना ०.८३ आणि ४० विधानांना ०.९१. माप तेवढंच ढिलं, फक्त लांब. म्हणून विधानांची संख्या सांगितल्याशिवाय नुसता अल्फा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मापनीचे उपविभाग असतील तर प्रत्येकाचा वेगळा काढा. अल्फा चांगला आला म्हणजे सगळी विधानं एकच गोष्ट मोजतात हे सिद्ध होत नाही, आणि तुम्ही म्हणता तीच गोष्ट मोजतात हे तर नाहीच. वैधता वेगळी, विश्वसनीयता वेगळी. हे गाईडना माहीत असायला हवं, पण असो.

०.७० पाहिजेच, ०.९० असेल तर उत्तम, असं जे ऐकवलं जातं ते मानसमापनतज्ज्ञ नन्नली यांच्या पुस्तकाच्या नावावर खपतं. त्यांनी ०.७० सुरुवातीच्या टप्प्यातल्या संशोधनाला पुरेसं मानलं होतं. ०.९०ची अट एखाद्या व्यक्तीच्या भवितव्याचा निर्णय तिच्या गुणांवर होणार असेल तेव्हाची. खुद्द ली क्रोनबाख यांनी १९५१ सालच्या लेखातून अल्फा हा गुणक रूढ केला, पण त्या गुणकाला आपलं नाव चिकटल्याचा त्यांना पुढे संकोच वाटायचा. त्यांच्या मृत्यूनंतर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी ते लिहिलंय, आणि अल्फा हा विश्वसनीयतेचा एकमेव किंवा सर्वोत्तम निकष नाही असंही. हल्ली मॅकडोनल्डचा ओमेगा हा विश्वसनीयतेचा दुसरा गुणकही देतात. जामोवीत तो एक टिक केली की मिळतो, एसपीएसएसच्या २७व्या आवृत्तीपासून तिथेही. दोन्ही द्या.

बाकी नेहमीचं. फाईलच्या प्रती ठेवा, घाई करू नका, न समजलेलं विचारा.

आणि काम बाहेर द्यायचंच असेल तर तीन गोष्टी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका: डेटा फाईल, सिंटॅक्स आणि पूर्ण आउटपुट. सिंटॅक्स म्हणजे सॉफ्टवेअरला दिलेल्या आज्ञांची यादी. ती तुमच्या मूळ फाईलवर पुन्हा चालवली की तोच आकडा यायला हवा. नाही आला तर आकडा कुठून आला हे वेगळं विचारायची गरज नाही. जो सिंटॅक्स द्यायला नाही म्हणेल त्याचा नंबर खोडून टाका, मग तो गाईडनी दिलेला का असेना. माझ्या गाईडनी तो अजून खोडलेला नाही. पुढच्या बॅचला तोच दिलाय असं कळलं, म्हणून हे सगळं लिहिलं.