उचल घेण्याआधी विचारा
पाठ : उत्पत्ती २९:१५-३०; ३१:७



लाबान हा याकोबाचा सख्खा मामा. मजुरी काय घेशील, असे त्याने स्वतःहून विचारले. राहेलीसाठी याकोब सात वर्षे राबला आणि पदरात पडली लेआ. पुढे त्याची मजुरीही दहा वेळा बदलली. नात्यातला माणूस, गोड बोलणे, तरी फसवणूक झालीच.

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्याआधीच मुकादम वस्तीवर येऊन उचल देतात. उचल म्हणजे बक्षीस नव्हे, अंगावरचे कर्ज. म्हणून आधी विचारावे :

१. कारखाना कोणता? त्याच्या शेतकी खात्यात मुकादमाची चौकशी करा.
२. टनाला दर किती? मुकादमाचे कमिशन किती?
३. उचलीचा आकडा कागदावर आहे का? कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. मूळ आधारकार्ड हातचे सोडू नका.
४. आजारपणात परतावे लागले तर हिशेब कसा?

खरा मुकादम उत्तरे देतो. ‘आजच ठरवा’ म्हणून घाई करणाऱ्यापुढे थांबावे.

कर्ज फिटेपर्यंत मजुराला डांबून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते.

वाचता न येणाऱ्या एका कुटुंबाजवळ बसून त्यांचा कागद वाचून दाखवा. या हंगामात आपली तीही सेवाच आहे.