आधी तिथी विचारा, मग पैसे द्या

सव्वाअकरा. दत्तजयंतीला देवबागच्या खाडीत पूर्ण भरती किती वाजता होती, हे आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्या दिवशी सकाळी हे माहीत असतं, तर माझ्या आठ वर्षांच्या लेकीला वाळूत रुतलेल्या होडीत अडीच तास काढावे लागले नसते आणि बावीस वर्षांनी जुळून आलेली आम्हा चौघांची भेट हुकली नसती.

आम्ही चौघं बडनेऱ्याचे, शाळेत एका बाकावरचे. आता एक पुण्यात, एक नागपुरात, एक गोव्यात. बडनेऱ्यात राहिलो तो मी. नागपूर-मडगाव गाडी आपल्याकडे थांबते. संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळ. ते तिघं निवतीला उतरले होते, मी बायको-पोरीला घेऊन देवबागला. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे, त्याच्या पुढे निवती. रस्त्यानं जायचं तर खाडीला मोठा वळसा पडतो. म्हणून होडी. बारा वाजता सुटायचं आणि जेवायला निवतीला पोचायचं, असं ठरलं होतं.

होडी ठरवून देणारा मध्यस्थ फोनवर फार गोड बोलला. "दादा, तुमची फॅमिली सोडून दुसरं कुणी नाही, जॅकेटं सगळ्यांना." साडेचार हजार रुपये त्यानं आदल्या रात्रीच मोबाइलवर घेतले, पूर्णच्या पूर्ण. मी साडेअकरापासून धक्क्यावर उभा. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मलाच उशीर झाला असं बोललं गेलं. बारा वाजता "पाच मिनिटं दादा". एक वाजता "डॉल्फिन दाखवून येतेच आहे". अडीचनंतर फोन उचलणंच बंद. पावणेचारला होडी लागली, तेव्हा तिच्यात आधीच सहा जण बसलेले होते. आमच्यामागून आणखी चौघांना चढवलं. प्रवासी तेरा आणि जॅकेटं नऊ.

बायको म्हणाली, "मी नाही बसत." तिचं बरोबर होतं. मे २०२२ मध्ये शेजारच्याच तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ पर्यटकांची बोट बुडाली, दोघं गेले, त्यातला एक आपल्या अकोल्याचा होता. वऱ्हाडात ती बातमी कुणी विसरलेलं नाही. मी भांडलो, तेव्हा कुठूनशी आणखी दोन जॅकेटं निघाली. एक पोरीला घातलं, एक बायकोला. मी तसाच बसलो. तिथंच उतरायला हवं होतं. पण पलीकडे तिघं जेवणासाठी खोळंबलेले, आणि गोव्याच्या मित्राचा फोनवर फोन, "कुठी हायेस बे?"

संगमाच्या तोंडाशी होडीचा तळ खर्रकन घासला. तांडेलानं मशीन वर उचललं, खलाशी बांबू घेऊन खाली उतरला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत होतं. चारही बाजूंना पाणीच पाणी, आणि त्यात हा माणूस शेतातल्या बांधावर उभा राहावा तसा उभा! मागून येणारी प्रत्येक लाट होडीला कुशीवर ढकलत होती. लेकीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं उमटली.

खलाशी पुटपुटला, "मियां दुपारीच सांगललंय, आता भायर काढू नको." मी त्याला खोदून विचारलं, तेव्हा त्यानं बोटांवर हिशेब मांडून दाखवला. तिथीची पाऊणपट करायची, त्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेची पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकरा. तिथून सहा तासांच्या आसपास ओहोटीचा तळ. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती जितकी मोठी, ओहोटी तितकीच खोल. सव्वाचारला संगमावर वाळू लागणार, हे किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही कळतं. मग त्या मध्यस्थाला कळत नव्हतं? त्याला सगळं ठाऊक होतं. चार तास तो भरतीची नव्हे, गिऱ्हाइकांची वाट पाहत होता. हे लक्षात आलं तेव्हा भीती गेली आणि नुसता संताप उरला. तो अजून गेलेला नाही.

मित्रांसाठी बडनेऱ्याहून संत्र्यांचा खोका नेला होता. तो पोरीनं होडीत सगळ्यांना वाटला, खलाशालाही दोन दिली. अंधार पडला, चंद्र वर आला, पाणी हळूहळू चढलं आणि पावणेसातला होडी सुटली. निवतीला नाही, मागे देवबागला. मध्यस्थाला रात्री गाठलं तर म्हणतो, "दर्याचं काय कुणाच्या हातात असतं, दादा?" एक रुपया परत केला नाही. दर्याचं वेळापत्रक पंचांगात छापलेलं असतं. आपल्या घराघरांत भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यात तिथी असते.

तेव्हा जाणाऱ्यांनी एवढं करावं. तिथी पाहून पाऊणपट करा. वद्य पक्षातही प्रतिपदेपासूनच मोजायचं. रोज भरती साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, दिवसातून दोनदा येते. ठिकाणागणिक थोडं मागेपुढे होतं, म्हणून तिथल्या खलाशाला विचारून खात्री करा. खाडीचं तोंड ओलांडायचं असेल तर परतीचीही वेळ मोजा. मध्यस्थाचा नको, तांडेलाचा नंबर घ्या. पैसे अर्धे आधी, अर्धे उतरल्यावर. जॅकेटं धक्क्यावरच मोजा आणि अंगात घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका. पाणी, खाऊ, कोरडे कपडे हे तर न्यावंच. आणि कुणाला भेटायचं असेल तर आधी रस्त्यानं जाऊन भेटा, होडी नंतर.

पुण्याचा मित्र त्या रात्री फोनवर म्हणाला, "वऱ्हाडच्या माणसाला वेळेचं भान नसतंच." वीस वर्षांपूर्वी तोही बडनेऱ्याच्याच फलाटावरून गाडीत बसला होता. सकाळी मी गाडी करून निवतीला निघेपर्यंत तिघं गोव्याकडे गेलेले. नागपूरच्यानं नंतर दोनदा फोन केला, गोव्याच्यानं फोटो पाठवले. पुण्याच्याचा काहीच नाही. मीही आधी करणार नाही.