पाण्याच्या प्रकल्पाला महागडी यंत्रे लागतातच का?

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथल्या पाण्यावर प्रकल्प करायचाय. पण कॉलेजात मोठी यंत्रे नाहीत. संशोधन हे एमएस्सीनंतरचे काम, असे सगळे म्हणतात. खरे आहे का?
– एक विद्यार्थिनी, गेवराई

उत्तर : मुळीच नाही. ब्युरेट, ईडीटीए आणि नीट ठेवलेली वही एवढ्यावर पाण्याचा कठीणपणा मोजता येतो; क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेट पुरते. खरी कसोटी प्रश्न लहान ठेवण्याची. ‘बिंदुसरा नदीचे प्रदूषण’ हा विषय तुम्हालाच गिळेल. ‘बीड शहराच्या वर आणि खाली बिंदुसरेतला विरघळलेला ऑक्सिजन’ हा मात्र हातात मावतो. किंवा एकाच गावातले दहा बोअर घ्या आणि पावसाळ्याआधी व नंतर नायट्रेट तपासा. खते, गोठे, शौचखड्डे यांतून ते झिरपते आणि आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून खाली जाते. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पाणी नितळ दिसले तरी नायट्रेट डोळ्यांना कळत नाही.

बोअर काही मिनिटे चालवून मगच नमुना घ्या. ऑक्सिजन मोजायच्या नमुन्याच्या बाटलीत रसायने नदीकाठीच घाला. कॉलेजात येईपर्यंत आकडा बदलतो. फ्लोराइडसाठी मार्गदर्शकांमार्फत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत विचारा.

एका नमुन्यावरून गावाला घाबरवू नका. चाचणी पुन्हा करा, मार्गदर्शकांना दाखवा, मग ग्रामपंचायतीकडे जा. आणि नदीला पाणी आलेले असताना पात्रात उतरू नका. नमुना आठवड्याने घेतला तरी चालतो.