हळदीच्या हंगामात सनस्क्रीन लावायलाच हवे का?

वसमत, औंढा, कळमनुरी भागात हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवणी सुरू झाली की गालांवर, कपाळावर काळपट डाग घेऊन महिला दवाखान्यात येऊ लागतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, “डॉक्टर, आम्ही पण सनस्क्रीन लावायचं का?”

सरसकट सगळ्यांना त्याची गरज नाही. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असते. त्यामुळे गोऱ्या कातडीच्या लोकांपेक्षा आपल्याकडे त्वचेचा कर्करोग खूप कमी आढळतो. मात्र ऊन वांग वाढवते आणि लवकर सुरकुत्याही पाडते. ते मेलॅनिनने थांबत नाही.

म्हणून आधी कपडे. साडीवर पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा सुती सदरा घाला. डोके, गाल आणि मान रुमालाने झाका. 11 ते 3 या वेळेत जमेल तेवढे काम सावलीत करा.

वांग, कोड किंवा ल्युपस असलेल्यांनी, जन्मतः त्वचेत रंग नसलेल्यांनी आणि डॉक्सीसायक्लिनसारखे औषध घेणाऱ्यांनी मात्र सनस्क्रीन टाळू नये. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ आणि किमान एसपीएफ 30 लिहिलेले घ्या. नीट लावल्यास ते यूव्हीबी किरणे सुमारे 97 टक्के अडवते. एसपीएफ 50 सुमारे 98 टक्के अडवते, म्हणजे महागाच्या ट्यूबने फार फरक पडत नाही. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे घ्या, उन्हात जाण्याच्या 15 ते 20 मिनिटे आधी लावा. घाम येतो, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावा. वांगासाठी रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. हळदीचा लेप सनस्क्रीनचे काम करत नाही.

डाग घालवायला दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडची क्रीम लावू नका. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ उठते आणि ऊन अधिकच झोंबू लागते.

सनस्क्रीन उष्माघात टाळत नाही. त्यासाठी पाणी, सावली आणि विश्रांतीच लागते. शेतमालकांना माझी विनंती आहे : वाळवणीच्या जागेजवळ मांडव घाला, पिण्याचे पाणी ठेवा आणि दुपारची सुट्टी द्या. बायांनो, हातात थोडेच पैसे असतील तर आधी सदरा आणि रुमाल घ्या, आणि डाग वाढत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.