कड्यावरून काय दिसते?

मंडळी, आपला माळशिरस तालुका म्हणजे बराचसा उघडा माळ. कालव्याच्या काठाने ऊस दिसतो. कालव्यापासून लांब गेले, की ज्वारी, बाजरी आणि बाभळी. नातेपुत्याकडे गेले, की शिखर शिंगणापूरचा डोंगर दिसतो. चैत्रात कावडी तिथे चढतात. म्हणजे डोंगर आपल्याला नवा नाही. पण जमीन एकदम तुटून खोल खाली जावी, अशी दरी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली असेल?

मागे दिवाळी झाल्यावर आम्ही चार घरची माणसे महाबळेश्वरला जाऊन आलो. तिथे काय पाहिले, काय शिकलो आणि आमचे काय चुकले, ते या पाठात सांगतो.

१. आजीला न्यायचे का?

निघण्याआधीच घरात वाद झाला. आमच्यात एक आजी आहेत. वय सत्तरीच्या पुढे. गुडघे दुखतात. कोणी म्हणाले, "तिला कशाला उगीच दगदग? घरी राहील, गुरांचं बघंल."

आजी चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंढरीच्या पलीकडं म्या काय बघितलंय? न्हाई चालवलं तर जागेवर बसून ऱ्हाईन. पर येणार."

मग सगळे गप्प झाले. आजींचे गाठोडे सर्वांत आधी गाडीत गेले. त्यात शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि एक घोंगडी होती. आम्ही घोंगडीला हसलो. पुढे रात्री थंडी पडली, तेव्हा ती घोंगडी आम्हीच मागून घेतली.

२. उलटी वाट

पहाटे निघालो. नातेपुते, बरड, फलटण, लोणंद. ही तर माउलींच्या पालखीची वाट! पालखी या वाटेने आपल्याकडे येते. आम्ही उलटे चाललो होतो. लोणंदच्या पुढे वाईला गेलो. तिथे कृष्णा नदीचे घाट आहेत. वाईच्या पुढे पसरणीचा घाट लागतो. घाट चढला, की पाचगणी. तिथून पुढे महाबळेश्वर.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर, म्हणजे साडेचार हजार फूट उंच आहे. इंग्रजांच्या राज्यात मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने १८२९ च्या सुमारास तिथे थंड हवेचे ठाणे वसविले. म्हणून तिथल्या पुष्कळ जागांना साहेबांची नावे आहेत. दरी दिसते अशा जागेला तिथे 'पॉइंट' म्हणतात.

आधी आम्ही क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. हे जुने गाव. तिथे पंचगंगेचे देऊळ आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्या तिथे उगम पावतात, असे मानतात. आजींनी गोमुखाचे पाणी ओंजळीत घेतले, डोळ्यांना लावले.

३. दरीचा काठ

तिथून पुढे रानातली वाट आर्थर सीट या जागेला जाते. गाडीतून उतरून थोडे चालावे लागते. झाडी संपते आणि पुढे एकदम काहीच नसते. खाली शेकडो मीटर खोल दरी. ही सावित्री नदीची दरी. समोर कोकणाचे डोंगर एकामागे एक दिसतात. आमच्यातली बोलकी माणसेही थोडा वेळ गप्प झाली.

कड्याकडे नीट पाहा. त्यात आडवे थर दिसतात. जणू कोणी भाकरीची चवड रचून ठेवली आहे. हे थर कसे झाले? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला. त्याला लाव्हा म्हणतात. तो पसरला आणि निवला, की एक थर झाला. पुन्हा आला, की दुसरा थर. असे थरावर थर बसून हा काळा कातळ बनला. आपल्या विहिरीत लागतो तो काळा दगडही याच लाव्हाचा. पुढे पाण्याने हा कातळ झिजवून दऱ्या केल्या.

अशी दरी पाहायला जगभर माणसे जातात. अमेरिकेत कोलोरॅडो नावाची नदी आहे. तिने कातळ कापून सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि जागोजागी एक मैलाहून खोल दरी केली आहे. तिला ग्रँड कॅनियन म्हणतात. १९१९ साली तिथल्या सरकारने ते राष्ट्रीय उद्यान केले. तिथेही पोरेबाळे, म्हातारीकोतारी काठावर येऊन दरी पाहतात. त्या काठाला सगळीकडे कठडा नाही. म्हणून काठापासून निदान सहा फूट, म्हणजे चार हात, मागे राहा, असे तिथे पाहुण्यांना सांगतात.

हे चार हात ध्यानात ठेवा. पुढची गोष्ट त्याचीच आहे.

४. टोपी उडाली

कठड्याजवळ आम्ही मोबाईलवर फोटो काढत होतो. "जरा इकडं सरका", "दरी येऊ द्या", असे चालले होते. पोरांकडे कोणाचे लक्ष नव्हते. प्रत्येकाला वाटे, दुसरा बघतोय.

आजी गुडघ्यांमुळे मागे दगडावर टेकल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्या आपल्या साक्षरता वर्गात अक्षरे शिकल्या. समोर एक पाटी होती. त्या बोट फिरवून एकेक अक्षर लावत होत्या. "धो... का. धोका. क... ठ... ड्या... च्या..."

एवढ्यात वारा आला. सात वर्षांच्या नातवाची टोपी उडाली. ती कठड्याच्या पलीकडे गवतात अडकली. पोरगे कठड्याखालून वाकले. एक पाय पलीकडे गेला.

"आरं, थांब!" आजी ओरडल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या कशा उठल्या, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी पोराचा सदरा मागून धरला आणि ओढला. दोघेही मागे पडले. आजींचे कोपर खरचटले. पोर रडू लागले. त्याची आई धावली.

गवताखाली जमीन आहे असे वाटत होते. पण ते गवत काठाच्या बाहेर लोंबलेले होते. खाली काही नव्हते.

कोणी आजींना म्हणाले, "बरं झालं, तुमी बघितलंत." आजी म्हणाल्या, "बघितलं न्हाई, वाचलं. पाटीवर लिवलंय, कठड्याच्या पलीकडं जाऊ नका. तुमाला तर माझ्या आदीपासनं वाचता येतंय."

आम्ही माना खाली घातल्या. चूक आमचीच होती. ज्यांना ओझे समजून घरी ठेवणार होतो, त्यांनीच पोर राखले.

५. पाऊस तिथे का, आपल्याकडे का नाही?

थोड्या वेळाने सगळे सावरले. मग कठड्याच्या आत बसून एक गंमत पाहिली. झाडाचे वाळके पान दरीकडे सोडले, तर ते खाली न जाता पुन्हा वर आले! असे का? दरीतून येणारा वारा कड्यावर आदळतो. पुढे जायला वाट नसते. म्हणून तो वर चढतो, आणि हलके पान वर आणतो. काही लोक बाटलीचे झाकण टाकून ही गंमत पाहतात. तसे करू नये. वर न आलेला कचरा दरीतच राहतो.

आता याच वाऱ्याचा पावसाळ्यातला खेळ समजून घ्या. पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतो. वाटेत सह्याद्रीचा हा कडा आडवा येतो. वारा वर चढतो. वर हवा थंड असते. थंडीने बाष्पाचे पाणी होते, आणि ते तिथेच कोसळते. डोंगर ओलांडून वारा आपल्याकडे येतो, तेव्हा त्याची झोळी बरीच रिकामी झालेली असते.

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे पडतो सुमारे ५००. तिथले वर्षाचे पाणी सपाट जागी साठून राहिले, तर सोळा फुटांवर चढेल. आपल्याकडचे गुडघ्याच्या आसपास राहील.

आजी हे ऐकत होत्या. १९७२ च्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली. मिळालेली सुकडी खाऊन दिवस काढले. त्या दरीकडे बघत म्हणाल्या, "म्हंजी आमी खडी फोडत हुतो, तवा बी ढग हितं अडत हुते व्हय?"

खरे म्हणजे १९७२ साली पाऊस सगळीकडेच कमी होता. पण आजींचा प्रश्न साधा नाही. आपल्या वाट्याला पाणी येते कसे, तेही सांगायला हवे.

सावित्री पश्चिमेला उतरते, महाडवरून जाते आणि बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते. सुमारे १,४०० किलोमीटर चालून ती आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. उगम इतके जवळ, पण एक नदी या समुद्राला, दुसरी त्या समुद्राला!

आणि आपली नीरा? तीही याच सह्याद्रीत, उत्तरेला भोर तालुक्यात उगम पावते. डोंगरात पडलेले पाणी धरणांत अडवले आहे. त्यांतले भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले. वीर धरणापासून नीरा उजवा कालवा निघतो, आणि फलटणवरून माळशिरस तालुक्यात येतो. म्हणजे ढग आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, पण त्यांचे थोडे पाणी कालव्याने येते. पुढे नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. भीमा पंढरपूरवरून जाते आणि रायचूरजवळ कृष्णेला मिळते. वर गोमुखापाशी आजींनी जे पाणी ओंजळीत घेतले, त्या पाण्याला आपल्या नीरेचे पाणी तिथे भेटते.

आजी म्हणाल्या, "मंग कालव्याचं पाणी रातभर उगं वाहू द्यायला नगं. लई लांबून येतंय ते."

६. जाताना ध्यानात ठेवा

दिवाळीनंतर हवा निवळलेली असते. दूरवर दिसते. भर पावसाळ्यात धुके असते, दरी दिसत नाही, वाट निसरडी होते.

एका दिवसात सगळे पॉइंट पाहू नयेत. म्हातारी माणसे आणि मुले थकतात. आर्थर सीटला दरी आणि कडा दिसतो. केट्स पॉइंटवरून कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते. विल्सन पॉइंटवर सूर्योदय पाहावा, मुंबई पॉइंटवर सूर्यास्त. यांतले दोन-तीन निवांत पाहिले तरी पुरे.

मुलांचा हात धरावा. कोणत्या मुलाचा हात कोणी धरायचा, हे गाडीतून उतरण्याआधी ठरवावे. "सगळे बघतील" म्हटले, की कोणीच बघत नाही.

फोटो काढताना मागे मागे सरू नये. उडालेली वस्तू गेली असे समजावे.

माकडांना खाऊ देऊ नये. ती पिशव्या हिसकतात. घोड्यावर बसण्याआधी दर विचारावा.

प्रसंग आलाच, तर ११२ या क्रमांकावर फोन करावा. मदत मिळते.

दिसेल ती पाटी थांबून वाचावी. अडले तर शेजाऱ्याला विचारावे. त्यात लाज नाही.

आजींचे कोपर आता बरे झाले आहे. नातवाला नवी टोपी घेतली. तिला आजींनी नाडी शिवून दिली आहे.

आता सांगा पाहू :

१. दरीकडे सोडलेले पान वर का आले?
२. महाबळेश्वरला जास्त आणि आपल्याकडे कमी पाऊस का पडतो?
३. नीरेचे पाणी कृष्णेला कोठे मिळते?
४. तुमच्या घरातून सहलीला कोणाला नेत नाहीत? का?
५. आपल्या गावातल्या तीन पाट्या वाचा आणि वहीत लिहून आणा.