धर्मशाळेची बांधणी

निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. ऐन पौषात, निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरास पायी निघालेल्या वाटसरूला या मुलखात रात्र पडली, तर त्याने पाठ कोठे टेकावी? अशा वाटसरूंसाठीच आपल्या पूर्वजांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या.

जुनी धर्मशाळा बाहेरून काहीशी रुक्षच दिसते. काळ्या दगडाच्या जाड भिंती. त्यांना खिडक्या जवळजवळ नाहीत. चोरांचे भय असल्यामुळे इमारतीने रस्त्याकडे पाठ फिरवलेली असे. मोठा दरवाजा रात्री अडसर घालून बंद होई. त्यातच एक लहान दिंडी ठेवलेली असे. तिच्यातून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येई. साहजिकच रखवालदाराला त्याला नीट न्याहाळता येई.

आत गेले की मात्र मोकळा चौक लागतो. चौकात विहीर, भोवती उंच जोत्यावर ओवऱ्या, ओवऱ्यांना सागवानी खांब आणि भिंतीत पणतीपुरते कोनाडे. चौक मध्ये ठेवून सभोवार बांधण्याची हीच रीत चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालात मोठ्या थाटाने दिसते. त्याच घराण्यातील अहिल्याबाईंनी (१७२५–१७९५) देशभर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधविल्या.

इंग्लंडमधील जुन्या पांथशालांनाही असेच अंगण असे. लंडनची 'जॉर्ज' ही पांथशाला १६७६ च्या आगीनंतर पुन्हा उभारली गेली. तिच्या उरलेल्या बाजूचे लाकडी सज्जे आजही पाहावयास मिळतात. घोडागाड्या थेट अंगणात येत. उतारू पैसे मोजत आणि एकाच मुदपाकखान्यातील अन्न खात. आपल्याकडे धर्मशाळेत भाडे नसे, पण सामाईक स्वयंपाकही सहसा नसे. सोवळ्याओवळ्यामुळे प्रत्येक कुटुंब आपल्या खणात निराळी चूल मांडी. जुन्या ओवऱ्यांच्या काजळलेल्या भिंती पाहताना हेही ध्यानात घ्यावे.

शिवाय ती दिंडी सर्वांसाठी उघडत नसे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना पंढरपुरातही उघड्यावर रात्र काढावी लागे. गाडगेमहाराजांनी (१८७६–१९५६) नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभारल्या. त्यांपैकी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा याच वारकऱ्यांसाठी होती. १९४९ साली महाराजांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस शिक्षणकार्यासाठी देऊन टाकली.